बदकाची बॅटरी आणि फवारणीचा पंप

बदकं मारायला बॅटरी लागते, हे मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. बहिणीचा मुलगा अमेरिकेत अर्कान्सासला नोकरीला आहे. पाडव्याला त्याचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं नमस्काराला केला असेल, तर त्यानं कॅमेऱ्यापुढे हिरव्या डोक्याचं प्लास्टिकचं बदक धरलं. "मावशी, ह्याचे पंख फिरेनात गं."

तिकडे भातशेतीत पाणी भरून ठेवतात आणि थंडीत उत्तरेकडून बदकं उतरतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत परवाना काढून शिकार चालते. हे खोटं बदक काठीवर बसवून पाण्यात रोवायचं. पोटात मोटर, बाजूला पंख. पंखाची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट, त्यामुळे फिरायला लागले की लांबून लुकलुकतात आणि वरच्या थव्याला वाटतं, खाली कुणीतरी उतरतंय. कॅलिफोर्नियात तर असं विजेवर पंख फिरवणारं बदक नोव्हेंबर संपेपर्यंत लावूच देत नाहीत, इतकी त्याला भुलतात म्हणे.

मी विचारलं, "आईला सांगितलंस का हे शिकारीचं?"

"मावशी, तू बॅटरीचं बोल ना."

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे, तो प्रश्नच मिटला. मी थंडीत सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब पक्षी बघायला जाते ती दुर्बीण घेऊन, आणि माझं मत काय ते त्याला ठाऊक आहे. पण त्यानं बदक उलटं करून झाकण काढलं तेव्हा माझा रागच गेला. आत आमची रोजची ओळखीची वस्तू! सहा व्होल्टची ड्राय बॅटरी, म्हणजे शिशाची सीलबंद. इमर्जन्सी लाइटमध्ये असते, पोरांच्या बसायच्या गाडीत असते. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात तिचीच थोरली बहीण असते, बारा व्होल्ट आठ एएचची. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप.

वडिलांच्या माघारी सोलापुरात साखर पेठेतलं दुकान मी बघते. मोटर रिवाइंडिंग कारागीर करतो, बॅटरी आणि चार्जर माझ्याकडे. मोहोळ, सांगोला, मंगळवेढ्याकडून डाळिंबवाले पंप घेऊन येतात, "ताई, मागच्या फवारणीला तर चांगला होता की, आता चालंना गेलाय." मी विचारते, मागची फवारणी कधी? मग ते बोटं मोजायला लागतात. बाग पाणी तोडून ताणावर सोडलेली असते, पंप शेडात लटकवलेला असतो, आणि शेड पत्र्याचं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ह्या बॅटऱ्या वापरून फार कमी मरतात, पडून राहून मरतात. भरलेली ड्राय बॅटरी नुसती ठेवली तरी पंचवीस डिग्रीला महिन्याला साधारण ३ टक्के उतरते. दर दहा डिग्रीला हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच चाळीसच्या वर असतं, पत्र्याखाली काय असेल ते तुम्हीच सांगा. त्यात फवारणी संपल्यावर अर्धी उतरलेली बॅटरी कोण चार्ज करून ठेवतो? उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या प्लेटींवर सल्फेट धरतं. ताजं असलं तर चार्जिंगला विरघळतं. महिनोन्महिने राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि ते परत जात नाहीत. भाच्याचं बदकही फेब्रुवारी ते ऑक्टोबर गॅरेजमध्ये पडून होतं, तेही कुणाकडून तरी जुनं घेतलेलं.

त्याला म्हटलं, रात्रभर चार्ज कर, मग चार्जर काढून दोन-तीन तास तशीच ठेव आणि मीटर लाव. भरलेली सहा व्होल्टची बॅटरी निवांत ठेवल्यावर ६.४ च्या आसपास दाखवते, बाराची १२.८. त्याची ४.२ वर अडकली. हा आकडा बोलका असतो. सहा व्होल्टमध्ये दोन-दोन व्होल्टचे तीन सेल असतात, म्हणजे एक सेल पार बसलेला. अशा बॅटरीला यूट्यूबवरचे उपाय करत बसू नये. झाकण उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालणारे महाभाग आमच्याकडेही येतात.

६.३ दाखवली तरी हुरळून जायचं नाही. मोटर चालू असताना मीटर धरायचं. पंख फिरायला लागल्यावर काटा थोडा उतरून तिथेच थांबला तर बरं. ५.५ च्या खाली जाऊन घसरतच राहिला तर तिच्यात आता दम नाही.

मग मी चार्जर मागितला. लेबलावर नऊ व्होल्ट, भरल्यावर आपोआप थांबायचं कट-ऑफ आत नाहीच, जुन्या टेपरेकॉर्डरच्या अडॅप्टरसारखा. असा चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवला की आतलं पाणी वायू होऊन निघून जातं आणि बॅटरी फुगते. सहा व्होल्टला चार्जिंगला ७.२ ते ७.३५ पुरे, कायम लावून ठेवायची तर ६.८ च्या आसपास. बारासाठी आकडे दुप्पट करा. करंट एएचच्या दहाव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत. आठ एएचला एक अँपिअरचा चार्जर घेतला तर रात्रीत काम होतं. पंपाबरोबर आलेला चार्जर हरवला म्हणून बाजारातून "जास्त पॉवरचा" आणणाऱ्यांना मी दुकानातच थांबवते.

क्लिपांचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. त्याच्याकडे चिखलपाणी उडून पांढरट पुटं चढलेली. आपल्याकडे बुरशीवर मारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डोचं पाणी टाकीखालच्या कप्प्यात झिरपतं, मोरचूद लोखंडी स्क्रू खातो आणि क्लिप निळसर हिरवी होते. अशी क्लिप वरून घट्ट दिसते, पण करंट अडतो, मोटर आचके देते आणि दोष बॅटरीवर जातो. काढायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, पूर्ण वाळवायची, बसवल्यावर वरून थोडं ग्रीस. पाच रुपयांच्या कामासाठी लोक हजाराची बॅटरी बदलतात, आणि बदलून देणारे देतातही.

थंडीचं गणित मात्र मला पुस्तकातून माहीत होतं, बघितलं त्याच्यामुळे. शून्य डिग्रीला शिशाची बॅटरी साधारण पाचवा हिस्सा कमी देते. बदकवाले पहाटे अंधारात पाण्यात उभे असतात, म्हणजे नेमकी तीच वेळ. आणि उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, ते शून्याच्या थोडं खाली गेलं की गोठू शकतं. भरलेली असेल तर कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. म्हणून त्याला बजावलं, गाडीच्या मागच्या हौद्यात रात्रभर सोडू नकोस, घरात आण आणि त्याच दिवशी चार्ज कर.

त्याला लिथियम घालायचं होतं. हलकी असते, चिखलातून चालताना बरं, मान्य. पण साध्या लिथियमचे दोन सेल म्हणजे ७.४ व्होल्ट आणि भरल्यावर ८.४. सहाची मोटर त्यावर जोरात फिरते आणि लवकर जळते. फॉस्फेटवाले दोन सेल घेतले तर ६.४ येतं, ते जमतं. बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट, हवाच, चार्जर तिचाच हवा, शून्याच्या खाली चार्जिंग अजिबात नाही. आणि ठेवायची रीत शिशाच्या उलटी आहे. शिशाची भरून ठेवायची, लिथियमची साधारण निम्मी भरून. आमच्याकडे लिथियमचे पंप घेतलेले शेतकरी जुन्या सवयीनं फुल्ल करून माळ्यावर टाकतात. उन्हाळ्यात तिथे ती भरलेली आणि तापलेली, म्हणजे तिला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकदम.

शेवटी त्यानं शिशाचीच नवी घेतली, कट-ऑफवाला चार्जर घेतला. सीझन संपल्यावर दर दोन महिन्यांनी चार्जिंगला लावायचं फोनमध्ये टाकून ठेवलंय. आपल्या उन्हाळ्यात मी दर महिन्याला सांगते. डाळिंबवाल्यांना फोनचं आठवत नाही, त्यांना लाइटबिल आलं की बॅटरी लाव असं सांगितलं तर लक्षात राहतं. पंप शेडातच राहू दे, बॅटरी तेवढी चार स्क्रू काढून घरात आणायची, माठाशेजारी वगैरे गार जागेत. मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकायची नाही, आत शिसं असतं. भंगारात किलोवर जाते, किंवा नवी घेताना दुकानदार वळती करतो.

मृगाच्या फवारणीआधी पंप दाखवायला येणार असाल तर चार्जरही पिशवीत टाका. नुसती बॅटरी आणली की मला निम्मंच निदान करता येतं, आणि नवी घातली तरी तोच चार्जर तिलाही खातो. सोमवारी दुकान बंद असतं.