नक्की विषय काय तुझा?

हा प्रश्न मला मिरजेच्या मंगल कार्यालयात पंगतीला बसल्यावर विचारलाय, एसटीत शेजारच्या काकूंनी विचारलाय, आणि प्राध्यापकाच्या मुलाखतीत समोरच्या तज्ज्ञांनीही विचारलाय. भूगोलाचे सर म्हणाले, हे समाजशास्त्र झालं. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, छे, यात पाण्याची गणितंच फार. तिसऱ्यांनी चहा संपवला. आपल्याकडे 2016 च्या विद्यापीठ कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यास ही वेगळी विद्याशाखाच केली आहे, पण तिच्यात शिक्षणशास्त्र आणि शारीरिक शिक्षण येतं. बदलता पाऊस, कृष्णेचा पूर आणि माणसं घर कधी सोडतात हे सगळं एकत्र बघणारी बाई कुठल्या रकान्यात बसवायची, हे अर्ज छाननारा कारकून ठरवू शकत नाही. त्याचा दोष नाही. मलाही उभ्या उभ्या सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लांबण लावते. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं मात्र आज विचारू नका, त्या विषयावर आमच्या घरी पुष्कळ जेवणं थंड झाली आहेत.

मी मुळात पाण्याची इंजिनियर. ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात मी एमटेकच्या प्रबंधात बुडालेले होते आणि पलूस तालुक्यातल्या मामाचा फोन आला. मामाच्या दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटची निळी रेघ आहे, शेजारी ‘2005’. तोवरचा सगळ्यात मोठा पूर. मामाने एवढंच विचारलं, "तुझं गणित काय म्हंतंय? रेघंच्या वर जाईल का?"

माझ्याकडे कोयना धरणाचा विसर्ग होता, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी होती, जुन्या पुरांचे तक्ते होते. मी आकडे टाकले. अर्ध्या तासाने फोन करून सांगितलं, "नाही जाणार. तरी वीतभर वर ठेवा सगळं." हे ‘वीतभर’ मी स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

मामाने तंतोतंत तसंच केलं. धान्याची पोती, मामीची ट्रंक, टीव्ही, सगळं रेघेच्या वर वीतभर. तीन म्हशी आणि एक रेडकू गोठ्यातल्या उंच कट्ट्यावर. शेजारचे दोघं जनावरं घेऊन आदल्या दिवशीच गेले होते. त्यांनी मामाला हाक मारली तर मामा म्हणाला, भाचीनं हिशेब केलाय. हे मला मामाने कधी सांगितलं नाही, शेजाऱ्याने सांगितलं, तेही सहज, दोन वर्षांनी.

धोक्याची पातळी 45 फूट. आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. रेघ रात्रीच बुडाली. मामाने अंधारात दावी कापली. दोन म्हशी पोहत उंचावर लागल्या. तिसरी आणि रेडकू गेलं. मामा-मामीला सकाळी गल्लीतल्या पोरांनी एका स्लॅबवरून काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी नाव उलटून माणसं बुडाली होती, त्यामुळे एका म्हशीबद्दल रडायचीही लाज वाटावी असे ते दिवस होते. आणि जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीत, तेव्हाही टँकर चालू होते.

आता कबुली देते. तापमान 1 अंशाने वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे मला पाठ होतं. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढली, हा रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा 2017 चा निबंध मी वाचला होता. सेमिनारमध्ये मांडलाही होता. पण मामाला उत्तर देताना तो आठवलासुद्धा नाही. ते हवामानवाल्यांचं होतं, माझं पाणी नदीत आल्यावर सुरू व्हायचं. मामाची रेघ आणि माझे तक्ते, दोन्ही एकच बोलत होते: आजवर झालं तेवढंच होईल.

म्हणून मी विषय बदलला, असं मी मुलाखतीत सांगते. ऐकायला बरं वाटतं.

एमटेकवाली मी मात्र हे मानत नाही. ती म्हणते, गणित चुकलं तर गणित नीट करायचं. तू गावोगाव जाऊन बायकांना ‘घर कधी सोडलंत’ विचारत बसलीस, कारण तिथे कुणी तुझं उत्तर पुराच्या पाण्याला लावून तपासणार नाही. पळालीस. यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थ माझ्यासाठी दरवर्षी 1 टक्का शक्यता. मामासाठी 2005 ला येऊन गेला, आता माझ्या हयातीत नाही. हा घोळ कुठल्याही गणिताने सापडला नसता. उंबऱ्यावर बसूनच कळला. जनावरांची सोय झाल्याशिवाय माणूस हलत नाही, हेही तिथेच कळलं. पण त्या रात्री मामाला हवा होता तो बरोबर आकडा, आणि तो मी दिला नाही. आमच्या गटात हवामानवाले आहेत, अर्थशास्त्राचा एक जण आहे, मी आहे. ‘नुकसान’ म्हणजे काय यावर आमच्या तीन बैठका झाल्या. एमटेकवाली हसते.

जुलै 2021 ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा मामाने पुन्हा फोन केला. चौकटीवर आता दुसरी रेघ होती, 2019 ची, लाल. "हिच्या वर जाईल का?" मी म्हणाले, "सांगता येत नाही मामा. आत्ताच्या आत्ता निघा, म्हशींना घेऊन." मामा म्हणाला, "हे तर टीव्हीवालेबी सांगत्यात." निघाला मात्र. पाणी लाल रेघेच्या खालीच राहिलं.

यंदा मामाला गोठ्याचा कट्टा नव्याने बांधायचाय. किती फूट उंच करू, विचारत होता. मी उलट विचारत बसले: ट्रॅक्टर कुणाचा मिळतो, रात्री म्हशी कोण सोडतं, मामीचा गुडघा आता कसा आहे, चढता येईल का तिला. मामाने सगळी उत्तरं दिली. मग थोडा वेळ गप्प बसला.

"तू इंजिनियर हुतीस तवा बरं हुतं," म्हणाला. "आकडा तरी द्यायचीस."