तुम्ही विचारलंत म्हणून : ते दुकान तर बंद झाले, मग आता सामान कुठून आणता?

साताऱ्यात आल्याचे फसफसते पेय घरी करणारे आम्ही मोजकेच लोक आहोत, त्यामुळे ज्याला हा नाद नव्याने लागतो तो फिरून फिरून माझ्यापर्यंत येतो आणि एकच प्रश्न विचारतो : पेठेतले ते दुकान तर बंद झाले, मग यीस्ट, लिंबूफूल, बाटल्यांची बुचे आणि गोडी मोजायची काचेची नळी हे सगळे तुम्ही आता आणता तरी कुठून? ज्यांनी ते दुकान पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काचसामान पुरवणे हा त्यांचा मूळ धंदा होता, परंतु मालक स्वतः हौशी असल्याने मागच्या फळीवर आमच्यासारख्यांसाठी बऱ्याच गोष्टी ठेवत असत. पुढे त्यांचे वय झाले, मुले पुण्याला स्थायिक झाली आणि गाळा दुसऱ्याकडे गेला. यात कोणालाही दोष देण्यासारखे काही नाही.

उत्तराआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात वेगळेच काही असते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ते घरच्यासाठीच केले होते ही सबब तेथे चालत नाही. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या विनियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयाला मद्य मानले आहे. मी जे करतो ते मुलाबाळांनाही देता यावे असे पेय आहे, त्यामुळे त्या आकड्याच्या बरेच अलीकडे थांबायचे हा माझा नियम आहे. वाइन आणि बिअरविषयी विचारणाऱ्यांना माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

आता सामानाकडे वळू. दुकान बंद झाल्यावर थोडी शोधाशोध केली तेव्हा लक्षात आले की त्या फळीवरची एकही वस्तू खास आमच्यासाठी तयार झालेली नव्हती. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी दुसऱ्या धंद्यातली होती आणि ते धंदे साताऱ्यात आजही जोरात चालू आहेत. मालकांनी त्या एका छपराखाली आणल्या होत्या, एवढेच. तेव्हा आपण त्या त्या धंद्याच्या दारात जावे आणि त्यांच्याच भाषेत मागावे.

आल्यासाठी तर या जिल्ह्यात कोणी अडून बसावे असे कारणच नाही. कोरेगाव, सातारा, कराड या तालुक्यांतून आले मोठ्या प्रमाणावर पिकते, त्याचा भाव अजूनही गाडीवर, म्हणजे ५०० किलोंवर सांगितला जातो आणि ‘सातारी’ नावाची स्वतंत्र जातच प्रसिद्ध आहे. परंतु भाजीबाजारात मिळणारे आले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धुतलेले, लखलखीत असते. आपल्याला ज्या नैसर्गिक यीस्टवर विरजण, म्हणजे पेय आंबवायला घालायचे पाणी, धरायचे असते ते यीस्ट सालीवर असते, म्हणून मी मातीसकट, न धुतलेले आले मागतो आणि घरी हलक्या हाताने धुतो. ते सालीसकट किसून रोज चमचाभर कीस आणि चमचाभर साखर पाण्याच्या बरणीत घालत गेल्यास पाच-सहा दिवसांत बुडबुडे दिसू लागतात. थंडीत आणखी काही दिवस लागतात. एक सूचना मात्र कळकळीने करतो : अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागवडीसाठी निघालेले बेणे स्वस्तात मिळत असले तरी ते घेऊ नये, कारण लागवडीपूर्वी ते बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवलेले असते.

काही जण परदेशी ‘जिंजर बिअर प्लांट’ कुठे मिळेल असे विचारतात. ती निराळी वस्तू आहे. यीस्ट आणि जिवाणू यांची एकमेकांना धरून वाढणारी, पांढुरक्या दाण्यांची ती वसाहत आहे, हे हॅरी मार्शल वॉर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिले. ऑनलाइन त्या नावाखाली पुष्कळदा वॉटर केफिरचे, म्हणजे साखरेचे पाणी आंबवणाऱ्या दुसऱ्याच एका वसाहतीचे, दाणे खपवले जातात. आल्याच्या माहेरघरी राहून त्यामागे धावण्यात मला अर्थ वाटत नाही.

ज्यांना विरजणाची वाट पाहण्याचा धीर नाही त्यांनी पावाचे यीस्ट वापरावे. पूर्वी ते मिळवणे जिकिरीचे होते, परंतु घरोघरी केक करणाऱ्या भगिनींच्या कृपेने आता केकच्या साहित्याची दुकाने जागोजागी झाली आहेत आणि तेथे सुके यीस्ट, लिंबूफूल, क्रीम ऑफ टार्टर हे सारे एकाच काउंटरवर मिळते. ओले यीस्ट हवे असेल तर भट्टी असलेल्या जुन्या बेकरीत दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जावे. ते वडीच्या रूपात येते आणि फ्रीजमध्येही दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नाही, म्हणून लागेल तेवढाच तुकडा मागावा. कोणतेही यीस्ट असो, वापरण्यापूर्वी ते कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसह दहा मिनिटे ठेवावे, आणि फेस आला नाही तर सरळ टाकून द्यावे.

सर्वांत अधिक हळहळ लोकांना वाटते ती हायड्रोमीटरची, म्हणजे गोडी मोजायच्या त्या काचेच्या नळीची, आणि येथेच मला सर्वांत चांगला पर्याय सापडला. दूध संकलन केंद्रांना आणि डेअऱ्यांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात लॅक्टोमीटर मिळतो. तोही हायड्रोमीटरच आहे, फक्त त्याची पट्टी दुधाच्या घनतेपुरती, म्हणजे साधारण १५ ते ४० अंशांची असते. त्यावरील ३० अंश म्हणजे १.०३० घनता, आणि लिटरभर पेयात साधारण ७५ ते ८० ग्रॅम साखर विरघळलेली असली की घनता नेमकी त्याच्या आसपास येते. आपल्या पेयाची गोडी तेवढीच असल्याने दुधाची पट्टी आपल्याला अचूक लागू पडते. आंबताना साखर खर्च होत जाते तशी नळी खोल बुडते. ढोबळ हिशेब असा की चार अंश उतरले म्हणजे अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या घरात गेले, म्हणून मी तिसावर सुरुवात करून अठ्ठावीस दिसताच सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये टाकतो. साखरेचे जवळपास निम्मे वजन वायूत जात असल्याने एवढ्या अल्प आंबण्यातही बंद बाटलीत समाधानकारक फसफस तयार होते. मोजणीसाठी एक बाटली वेगळी ठेवावी, तिच्यातले पेय गाळून आणि ढवळून वायू पूर्ण काढून टाकावा, नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा फसवा येतो. दोन्ही वेळचे मापन एकाच तापमानाला करावे. विकत घेताना पट्टीवर आकडे आहेत ना हे पाहावे, कारण नुसत्या डब्ल्यू (पाणी) आणि एम (दूध) अशा खुणा असलेला स्वस्त लॅक्टोमीटर आपल्या उपयोगाचा नाही.

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार स्नेह्यांनी मला त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर वापरण्याचा आग्रह केला होता. घडाची गोडी पाहायला तो उत्तम आणि शेती साहित्याच्या दुकानात सहज मिळतो, परंतु पेयात अल्कोहोल उतरू लागले की तो साखर प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवतो, म्हणून मी तो फक्त सुरुवातीच्या मोजणीला वापरतो.

साखरेऐवजी गूळ घालायचा असल्यास कराडच्या बाजूला एखादे ओळखीचे गुऱ्हाळ धरावे आणि पिवळाधमक गूळ टाळून तपकिरी गूळ घ्यावा, कारण रंग उजळण्यासाठी घातलेल्या हायड्रोस पावडरीची यीस्टशी मैत्री नाही. मात्र एकाच दुकानात काळसर गूळ आणि यीस्ट दोन्ही मागितल्यास दुकानदार हमखास चष्म्यावरून पाहतो आणि ‘नवसागरही देऊ का?’ असे विचारतो. हातभट्टीची आठवण या भागात अजून ताजी आहे, तेव्हा या दोन खरेद्या वेगवेगळ्या पेठांत केलेल्या बऱ्या.

बाटल्यांविषयी थोडक्यात सांगतो. पत्र्याची बुचे सोडा फॅक्टरीत मिळतात, परंतु नवख्या माणसाने काचेच्या वाटेला जाऊ नये, कारण दाब वाढला तर काच फुटते आणि फुटण्यापूर्वी काहीही सूचना देत नाही. सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या स्वच्छ धुऊन वापराव्यात. बाटली दाबून पाहिली आणि ती दगडासारखी घट्ट लागली की आतले काम झाले असे समजावे. ज्यांना एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी सोय, हवा असतो त्यांनी औषधांच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणावा, त्याची नळी झाकणातून बाहेर काढून पाण्याच्या पेल्यात सोडावी.

ऑनलाइन मी क्वचितच काही मागवतो. सुक्या यीस्टचे पाकीट बहुधा अर्ध्या किलोचे येते आणि फोडल्यावर काही महिन्यांत त्याचा जोर ओसरतो, त्यामुळे आम्ही चार-पाच घरांत मिळून एकच पाकीट घेतो. सध्याचे पाकीट माझ्या फ्रीजमध्ये आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी घट्ट झाकणाची बरणी घेऊन यावे, फक्त ती आतून पूर्ण कोरडी असावी.