भिंत चाटते म्हणजे कॅल्शियम कमी आहे

हे वाक्य आमच्या घरात मागच्या वर्षभरात किती वेळा बोललं गेलं असेल त्याला मोजदाद नाही. ओवी तेव्हा दोन वर्षांची, आणि तिची आवडती जागा म्हणजे हॉलच्या खिडकीचा कट्टा, तिथून पारसिकचा डोंगर आणि लोकल दोन्ही दिसतात, तासभर बसायची. बसली की लाकडी चौकटीच्या रंगाचे पोपडे नखाने सोलायचे आणि हळूच तोंडात. मी ओरडले की हात मागे घ्यायची, मी किचनमध्ये गेले की परत तेच. सासूबाई म्हणायच्या, अगं लहान पोरं खातातच माती, कॅल्शियम कमी असेल, डॉक्टरांकडून औषध आण. मलाही तसंच वाटायचं, आपण सगळे हेच ऐकत मोठे झालोय ना.

औषध आणलं, दोन बाटल्या संपल्या, पोपडे खाणं थांबलं नाही. मग ती चिडचिडी झाली, जेवण कमी, पोट दुखतं म्हणून रडायची, आठवड्यातून दोनदा एनिमा लावायची वेळ यायला लागली. डॉक्टर बदलले. नवीन मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बिल्डिंग किती जुनी आहे? मी म्हटलं, ८६ सालची. घरात रंगकाम झालंय का? झालं होतं, दिवाळीच्या आधी. आम्ही घरातच राहत होतो, पेंटरकाका हॉलच्या ग्रिल घासत होते, कोरड्या पॉलिश पेपरने, सगळीकडे बारीक पांढरट धूळ आणि ओवी त्यातच रांगोळी काढल्यासारखी बोटं फिरवत बसलेली. तो फोटो आहे माझ्या मोबाईलमध्ये, तेव्हा कौतुकाने काढलेला. चौकट मात्र वेळ नाही म्हणून तशीच राहिली होती.

रक्ताचे दोन रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.९. आणि लेड, म्हणजे शिसं, १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ च्या वर गेलं की मुलाकडे लक्ष द्या म्हणतात, डब्ल्यूएचओ म्हणते ५ किंवा जास्त असेल तर कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, आणि इतकं चालेल असा सुरक्षित आकडा तर कोणीच देत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे असा अंदाज दिलाय. मी हे त्या रात्री वाचत बसले, ओवी शेजारी झोपलेली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आपल्याला वाटतं शिसं म्हणजे मेंदूचा प्रश्न, अभ्यासात मागे पडणं वगैरे, आणि तो आहेच, सगळ्यात मोठा तोच आहे. पण शिसं राहतं कुठे? हाडांत. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही, दोन्हीचा विद्युतभार सारखा, त्यामुळे हाड बनताना कॅल्शियमच्या जागेवर शिसं जाऊन बसतं. विंडो सीट पकडून बसलेला माणूस जसा कल्याणपर्यंत उठत नाही तसं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत आणि दातांत असतं, मुलांमध्ये साधारण ७० टक्के. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडातलं निघायला कितीतरी वर्षं, मोठ्यांमध्ये दशकं. आणि ते तिथे गप्प बसत नाही. हाड बांधणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतं, मूत्रपिंडात व्हिटॅमिन डी तयार होऊन कामाला लागतं त्या पायरीवरही बाधा आणतं, म्हणजे कॅल्शियम पोटात गेलं तरी त्याचा उपयोग कमी. ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त त्यांची उंची थोडी कमी असं अभ्यासांत दिसलंय.

आणि यातलं सगळ्यात वाईट चक्र असं आहे की लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातलं दहाएक टक्के अंगात जातं, लहान मुलात ५० टक्क्यांपर्यंत. लोह कमी म्हणून पोर भिंत खातं, भिंतीतून शिसं जातं, ते कॅल्शियमची जागा घेतं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर होतं म्हणजे. फक्त भिंतीत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

एक्स-रे काढायचा का विचारलं तर मॅडम म्हणाल्या नको, हाडांच्या टोकांना शिशामुळे ज्या पांढऱ्या रेघा येतात त्या लेव्हल खूप चढली तरच दिसतात. चिलेशनचं औषध, म्हणजे अंगातलं शिसं पकडून बाहेर काढणारं, साधारण ४५ च्या पुढे. १४ ला औषध म्हणजे सोर्स बंद करणं, दुसरं काही नाही.

चौकटीचा एक पोपडा रबाळेच्या बाजूला एका लॅबमध्ये दिला. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत हवं हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ ला. आमच्या तुकड्यात एकवीस हजार. त्यावर चार थर नंतरचे होते, पण खालचा जुना हिरवा ऑइल पेंट, तो सगळा तसाच होता आणि सूर्य पश्चिमेचा, रोज तडकणार.

मग काय केलं, तर आधी आठ दिवस माहेरी नौपाड्याला गेलो. चौकट घासली नाही, पूर्ण काढून टाकली, पाणी मारून ओली ठेवून, खाली प्लास्टिक पसरून. केरसुणी बंद केली, कारण झाडलं की धूळ उडते आणि परत खाली बसते, आता सगळं ओल्या फडक्याने. ओवीचे हात जेवणाआधी आणि झोपायच्या आधी धुवायचे. उपाशी पोटी शिसं जास्त शोषलं जातं म्हणून दर अडीच-तीन तासांनी थोडं खायला. नाचणीचं सत्त्व, नाचणीची भाकरी तुपाशी, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आयर्नच्या औषधानंतर अर्धं लिंबू पिळलेलं पाणी, आणि चहात बुडवून बिस्किट बंद, चहाने लोह कमी शोषलं जातं. हे बंद करायला सगळ्यात जास्त त्रास झाला, आजोबांच्या कपातला तो घास तिच्या हक्काचा होता.

एक नाजूक विषय होता. सासूबाई दर शनिवारी मारुतीच्या देवळातून शेंदूर आणायच्या आणि ओवीच्या कपाळाला लावायच्या. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग आहे. कसं सांगायचं या विचारात दोन दिवस गेले, शेवटी रिपोर्ट समोर ठेवला आणि सरळ सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पुडी उचलून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, तिला अंगारा लावेन, मारुती काय रागावणार आहे होय लेकरावर.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझं लहानपण तीन हात नाक्याजवळ गेलं, हायवेला लागून. भारतात पेट्रोलमधलं शिसं पूर्ण बंद झालं २००० साली, मी तेव्हा दहा वर्षांची. त्या धुरातलं काही माझ्या हाडांत गेलं असणार. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना शरीर हाडातलं कॅल्शियम सोडतं तेव्हा ते शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत जातं, आहारात कॅल्शियम कमी असेल तर जास्तच. मला तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या खाऊन मळमळतं म्हणून मी कितीतरी वेळा चुकवल्या. कोणी गरोदर असेल आणि हे वाचत असेल तर गोळ्या चुकवू नका गं, जेवणानंतर घ्या, मळमळलं तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, पण घ्या.

तीन महिन्यांनी ओवीची लेव्हल ८ आली. हिमोग्लोबिन १०.८. पोट दुखत नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला भराभर उतरेल आणि मग हळू, कारण हाडातलं थोडं थोडं रक्तात येत राहतं. पुढची टेस्ट जानेवारीत.

सोमवारपासून बी विंगच्या जिन्याचं आणि ग्रिलचं रंगकाम सुरू होतंय. तिथे दुसऱ्या मजल्यावर आठ महिन्यांचं बाळ आहे, नुकतं रांगायला लागलंय. काल संध्याकाळी मी त्या बाळाच्या आईला भेटून आले, आणि पेंटरकाकांना ओला पेपर वापरायला सांगा म्हणून सेक्रेटरींना लेखी दिलंय. काका म्हणाले ओलं घासलं तर काम दोन दिवस लांबेल. लांबू दे म्हटलं.