टॉमकॅटवर एकच ॲप्लिकेशन रीलोड करताना

माझ्या बेळगावच्या कार्यालयातून मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर, एकाच टॉमकॅटमध्ये (जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा प्रोग्रॅम), तीन ॲप्लिकेशन्स चालतात: निपाणीकडच्या एका पतसंस्थेच्या पिग्मी ठेवी, खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांचा हिशेब. गेल्या हंगामात ग्रंथसूचीतील एक चूक दुरुस्त करण्यासाठी मी भर दुपारी अख्खा टॉमकॅट बंद करून पुन्हा सुरू केला. लगेच पतसंस्थेतून फोन आला, "सर, पन्नास पावत्या भरत आणल्या होत्या, सगळ्या गेल्या की हो!" ज्या दुरुस्तीशी त्या बाईंचा काडीचाही संबंध नव्हता, तिच्यासाठी त्यांना रात्री आठपर्यंत बसावे लागले, हे मला अजूनही बोचते.

खरे तर याची गरजच नव्हती. टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतंत्र क्लासलोडर (त्याचा कोड मेमरीत आणणारा भाग) देतो, त्यामुळे टॉमकॅटच्या मॅनेजर या व्यवस्थापनाच्या पानावर त्या ॲप्लिकेशनसमोरचे 'रीलोड' बटण दाबले की तेवढेच थांबून नव्याने उभे राहते.

तरीही जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्रॅम ज्यात चालतात ती यंत्रणा, सर्वांची एकच असते, हे विसरून चालत नाही. ॲप्लिकेशनने सुरू केलेला एखादा थ्रेड (मागे स्वतंत्रपणे चालणारे काम) थांबवायचा राहिला, तर जुना क्लासलोडर मेमरीतून सुटत नाही. प्रत्येक रीलोडला असा एकेक साचत गेला की शेवटी मेटास्पेस (क्लासेसच्या माहितीची मेमरी) किंवा हीप (ऑब्जेक्ट्सची मेमरी) भरते आणि तिन्ही ॲप्लिकेशन्स एकदम कोलमडतात. म्हणून मी थ्रेड आणि डेटाबेसचे कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) कॉन्टेक्स्ट लिसनरमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन सुरू होताना व थांबताना चालणाऱ्या कोडमध्ये, आवर्जून बंद करतो आणि रीलोडनंतर मॅनेजरमधली 'फाइंड लीक्स' ही, असे न सुटलेले क्लासलोडर शोधणारी तपासणी चालवतो.

पतसंस्थेसाठी मात्र मी आता रीलोडही टाळतो. टॉमकॅट ७ पासून वॉर फाइलच्या (अख्खे ॲप्लिकेशन बांधलेली फाइल) नावात ## आणि त्यापुढे आवृत्ती लिहिली, तर दोन आवृत्त्या शेजारीशेजारी चालतात: ज्यांचे सेशन (सर्व्हरशी सुरू असलेले कामाचे सत्र) चालू आहे ते जुन्या आवृत्तीवरच राहतात, नवे येणारे नव्या आवृत्तीवर जातात. तेवढा काळ मेमरी दोघींना पुरली पाहिजे, आणि डेटाबेस एकच असल्यामुळे जुनी आवृत्ती उतरेपर्यंत मी एकही कॉलम काढत नाही. आवृत्त्यांची तुलना अक्षरांप्रमाणे होते, म्हणजे २ हा आकडा १० पेक्षा नवा ठरतो. त्यामुळे मी पहिल्यापासून ००१, ००२ असेच क्रमांक देतो.