११-११ आणि मग एक नाणं
आज झोप लागणं कठीण आहे. ढाक्यात १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ २०२४, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. आठव्याच मिनिटाला आपला गोल! भरपाई वेळेत बांगलादेशच्या सागरिकाने बरोबरी साधली आणि माझ्या पोटात गोळाच आला. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा मुलींनी, गोलकीपरसकट, गोल मारले. मी तर उभ्यानेच बघत होते.

आणि एवढं झाल्यावर नाणेफेक? अहो, निकाल लागेपर्यंत पेनल्टी चालू ठेवायच्या, नियम तोच आहे! आपण टॉस जिंकलो, पोरी नाचल्या, मग निर्णय फिरवला. बराच वेळ गोंधळ, शेवटी संयुक्त विजेते. आपल्या पोरींसाठी जीव तुटला, बांगलादेशच्या मुलींसाठीही. बावीस जणींपैकी एकीचीही पेनल्टी हुकली नव्हती.