जेरियाट्रिक मेडिसिनमधील इलेक्टिव्ह : माझा अनुभव

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाची परीक्षा आटोपली की इलेक्टिव्हचा, म्हणजे आपल्या आवडीचा विषय निवडून काही दिवस त्यात काम करण्याचा, फॉर्म हातात पडतो आणि बहुतेकांचे पाय रेडिओलॉजी, त्वचारोग किंवा आयसीयूकडे वळतात. मी वृद्धांच्या आजारांचा विषय, म्हणजे जेरियाट्रिक मेडिसिन, मागितला. आमच्या शासकीय महाविद्यालयात त्या नावाचा स्वतंत्र विभागच नसल्याने पहिला प्रश्न तिथेच उभा राहिला. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने इलेक्टिव्हसाठी दोन महिने दिले होते. 2023 च्या नियमावलीने ते एका महिन्यावर आणून पंधरा-पंधरा दिवसांचे दोन ब्लॉक केले. त्यांतला दुसरा ब्लॉक क्लिनिकल विभागात करायचा असतो, पण तो संस्थेने जाहीर केलेल्या यादीतूनच निवडावा लागतो, आणि यादीत आमचा विषय नव्हता.

बाहेरच्या संस्थेत जाण्याचा विचार मी करून पाहिला. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज येथे वृद्ध आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून प्रादेशिक केंद्र झालेले आहे, आणि चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात तर या विषयाचे एमडी 1996 पासून चालू आहे. परंतु ना हरकत प्रमाणपत्र, तिकडची परवानगी, राहण्याची सोय आणि हजेरीची जबाबदारी कोणाची, हे सगळे इतक्या थोड्या दिवसांसाठी जमवणे मला व्यवहार्य वाटले नाही. तोडगा घरातच निघाला. त्याच राष्ट्रीय कार्यक्रमामुळे आमच्या रुग्णालयात मेडिसिन विभाग ज्येष्ठांची ओपीडी चालवतो, आणि मेडिसिनच्या अभ्यासक्रमात जेरियाट्रिक्स हा चोविसावा विषय म्हणून आधीच नमूद आहे. या दोन गोष्टी अर्जात लिहून मी ओपीडी सांभाळणाऱ्या सहयोगी प्राध्यापिका मॅडमना भेटले. त्यांनी मार्गदर्शक होण्याचे मान्य केले, विभागप्रमुखांची सही झाली आणि विषय यादीत आला. कागदपत्रांचा भाग एवढाच, जरी तेव्हा तो डोंगराएवढा वाटला होता.

ओपीडीत मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले की रुग्णाला "काय त्रास होतोय?" हे विचारण्याआधी "गोळ्यांची पिशवी आणली का?" हे विचारायचे. पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि प्रत्येक गोळी कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केली हे लिहून काढायचे. हे काम वेळखाऊ आहे आणि गर्दीच्या ओपीडीत विद्यार्थ्यालाच परवडते. मला मात्र या संपूर्ण पोस्टिंगमधले सर्वांत मोलाचे शिक्षण त्या पिशव्यांतूनच मिळाले.

एका आजोबांचे उदाहरण सविस्तर सांगते. चालणे मंदावले, हाताला कंप सुटला आणि दोनदा पडले, म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला होता. बाहेर कोणीतरी पार्किन्सन असावा असे सांगितले होते. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर प्रोस्टेटसाठी दिलेली प्राझोसिन होती, आणि चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन. ही शेवटची गोळी औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणून ते कित्येक महिने घेत होते. मॅडमनी मला आजोबांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून एका व तीन मिनिटांनी मोजायला लावला. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर तो उभे राहताना रक्तदाब घसरण्याचा विकार मानतात. आजोबांचा वरचा आकडा त्याहून बराच अधिक घसरला. चित्र उलगडत गेले ते असे : प्राझोसिनने रक्तदाब घसरत होता, त्याने चक्कर येत होती, चक्करेवर दिलेल्या गोळीने मेंदूतील डोपामिन या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचे काम अडवून पार्किन्सनसारखी लक्षणे आणली होती, आणि पुढची पायरी म्हणजे त्या लक्षणांवर आणखी एक गोळी सुरू होणे. मॅडमनी प्रोक्लोरपेराझिन बंद केली, प्रोस्टेटची गोळी बदलण्यासाठी सर्जरीकडे चिठ्ठी दिली आणि अशी लक्षणे ओसरायला आठवडे, कधी महिनेही लागतात हे मुलाला नीट समजावले. मुलाचा चेहरा मात्र नाराज होता, कारण एवढ्या लांबून येऊन त्याला नवे औषध मिळालेच नव्हते.

उठून चालण्याची चाचणीही मी तिथेच शिकले. रुग्णाने खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालून वळायचे, परत येऊन बसायचे आणि आपण सेकंद मोजायचे. बारा किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरायचा. पुस्तकात हे सोपे दिसते. प्रत्यक्षात हात टेकायची खुर्ची शोधावी लागते, कॉरिडॉरमधून स्ट्रेचर जात असते आणि सासूचा दंड धरून बसलेल्या सुनेला "ताई, जरा सोडा त्यांना" असे दोन-तीनदा सांगावे लागते.

स्मरणशक्तीच्या तपासणीविषयी माझे मत थोडे कडवट झाले. प्रचलित प्रश्नावलीत तारीख, साल, लिहिणे, वजाबाकी असते, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे गुण त्यात आजारावाचूनच कमी होतात. एका आजींना तारीख सांगता येईना. मी त्यांना आज तिथी कोणती असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "एकादशी होऊन तीन दिस झाले, उद्या पुनव." कालनिर्णयात पाहिले तर अगदी बरोबर. निरक्षर लोकांसाठी हरियाणातील बल्लभगड भागात हिंदी प्रश्नावली तयार झाली होती. ग्रामीण मराठी माणसासाठी तशी सोय प्रत्येक ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये असायला हवी असे मला वाटते. 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक 10 कोटींवर होते, त्यामुळे ही काही मूठभरांची गरज नाही.

दुपारी वॉर्डात जावे लागे. खुब्याचे हाड मोडून दाखल झालेल्या एका आजींविषयी सिस्टर म्हणाल्या, "कालपर्यंत आरडाओरडा होता, आज शांत आहेत." मॅडम थांबल्या आणि त्यांनी मला आजींना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगण्यास सांगितले. आजी दुसऱ्या वारालाच भरकटल्या आणि डोळे मिटू लागल्या. तो आराम नव्हता, डिलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाचा, शांत प्रकार होता, जो सहज नजरेतून सुटतो. पोट तपासले तर लघवी तुंबलेली, शौचाला कित्येक दिवसांत झालेली नाही, आणि चष्मा व कानाचे यंत्र दोन्ही घरी. यांतल्या निम्म्या गोष्टी फोन करून मागवण्यासारख्या होत्या, आणि तो फोन मीच केला.

शेवटचा टप्पा लॉगबुकचा, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीचा. 75 टक्के हजेरी आणि सही झालेले लॉगबुक असल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, आणि इलेक्टिव्हचे दिवस इतर पोस्टिंगची हजेरी भरून काढायला वापरता येत नाहीत. त्यामुळे रोजच्या रोज सही घेणे शहाणपणाचे. रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे काय शिकलो याच्या टिपणात, "खूप शिकायला मिळाले" हे वाक्य दिसले तर पान परत करीन, अशी मॅडमची अट होती. म्हणून मी आजोबांच्या गोळ्यांचा तक्ताच लिहून दिला, आणि तो स्वीकारला गेला.

आमच्याकडे हा विषय आता यादीत आहे. पुढच्या बॅचमधील ज्यांना तो घ्यायचा असेल त्यांनी यादी लागण्याआधीच मेडिसिन विभागात मार्गदर्शकाचे नाव नक्की करावे, रक्तदाबाचे यंत्र स्वतःचे न्यावे, आणि ओपीडीच्या दिवशी दुपारच्या जेवणाची वेळ ठरवू नये.