मिठाचा चक्का

श्रीखंडासाठी दही टांगणाऱ्या घराला लबनेह परके वाटण्याचे काही कारण नाही. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन या भागांत न्याहारीला खाल्ले जाणारे हे लबनेह म्हणजे फडक्यात बांधून पाणी निथळू दिलेले दहीच होय. आपण त्या गोळ्यात साखर, वेलची आणि केशर घालून तो सणावारी वाढतो, तर तिकडे त्यात मीठ घालतात, तो ताटलीत पसरून वर ऑलिव्ह तेलाची धार सोडतात, रानओव्याच्या जातीची सुकी पाने, तीळ आणि सुमाक या आंबट फळांची पूड यांचे झातर नावाचे मिश्रण भुरभुरतात आणि खुब्ज या पातळ रोटीच्या तुकड्याने तो टिपून खातात. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना त्याचे डबे दुकानात सहज मिळतात, पण ज्याला चक्का येतो त्याने डबा विकत का घ्यावा, हे मला कळत नाही.

खरे काम दही लागण्याआधीच झालेले असते. दूध नुसते कोमट करून विरजले तर दही सैल लागते आणि टांगल्यावर भराभर पाणी सोडते; तेच दूध चांगले उकळून काही वेळ आटू दिले की त्यातली जी प्रथिने एरवी पाण्याबरोबर वाहून गेली असती, ती उष्णतेने उलगडून केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट, एकसंध लागते. दूध म्हशीचे असेल तर 6 ते 7 टक्के स्निग्धांशामुळे लबनेह लोण्यासारखे होते, गाईच्या दुधाचे थोडे हलके. दही मात्र अदमुरे असतानाच बांधावे, कारण टांगलेले असतानाही त्याचे आंबणे चालूच राहते. दर किलोला लहान चमचाभर मीठ आधीच मिसळले तर त्या आंबण्याला थोडा आळा बसतो आणि पाणीही लवकर सुटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुरचुंडी रात्रभर खुंटीला ठेवणे म्हणजे आंबटढाण गोळ्याला आमंत्रण आहे. त्यापेक्षा खोल पातेल्यावर चाळणी आणि चाळणीत फडके असा सरंजाम फ्रिजमध्ये ठेवावा.

त्यानंतर प्रश्न उरतो तो थांबायचे केव्हा, एवढाच. चार तासांत नुसते घट्ट दही मिळते, रात्रभरात श्रीखंडाचा चक्का, दिवसभरात पोळीवर सुरीने पसरता येईल असे लबनेह, आणि दोन दिवसांनी हाताला तेल लावून लिंबाएवढ्या गोळ्या वळता येतील इतके कोरडे. घाई झाली म्हणून पुरचुंडी पिळणाऱ्यांची मला काळजी वाटते. पिळल्याने पाण्याबरोबर दहीही फडक्याच्या विणीतून बाहेर येते, आणि वजन ठेवायचेच असेल तर ते शेवटच्या काही तासांत, तेही बेताचे. किलोभर गाईच्या दह्याचे शेवटी साधारण 350 ते 400 ग्रॅम लबनेह उरते. गोळ्या वळून त्या बरणीत ऑलिव्ह तेलात पूर्ण बुडवून ठेवण्याची पद्धत तिकडे जुनी आहे. गोळी आत ओली राहिली तर मात्र तेलही तिला वाचवू शकत नाही.

आता पातेल्यात साठलेल्या निवळीविषयी. तिचा हिरवट पिवळा रंग पाहून काहीजण ती बिघडली असे समजून मोरीत ओततात, पण तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो आणि दुधातली बरीचशी साखर व खनिजेही तिच्यातच उतरलेली असतात. थालीपिठाची भाजणी तिने भिजवावी, कणीक मळावी, किंवा जिरे-हिंगाची फोडणी देऊन कढीत मिसळावी. आमटीत मात्र ती घालू नये असे माझे ठाम मत आहे. आमसुलाचा आंबटपणा आमटीत मुरतो, हिचा वरवर तरंगत राहतो. मीठ आधीच पडलेले आहे हे कणीक मळताना तेवढे लक्षात असू द्यावे.